नेमस्तांचे प्रजासत्ताक : जिरोंदिस्त गटाचा उदय आणि अस्त

फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात जिरोंदिस्त या नावाने ओळखला जाणारा गट सामान्यतः नेमस्त प्रजासत्ताकवाद्यांचा गट मानला जातो. सप्टेंबर १७९२ मध्ये राजेशाही रद्द करणाऱ्या सभागृहात हे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत, डाव्या बाजूच्या उंच बाकांवरील जहालांशी त्यांचे हाडवैर होते, आणि पुढच्या वर्षभरात या वैरापायी त्यांचे बहुतेक पुढारी गिलोटिनखाली गेले. एवढ्यावरून त्यांचे जे चित्र मनात उभे राहते, ते सौम्य वृत्तीच्या, कायद्याला जपणाऱ्या आणि रक्तपाताचा तिटकारा असलेल्या सज्जनांचे असते. हे चित्र सर्वस्वी खोटे नसले तरी अपुरे आहे. कारण हीच मंडळी १७९१ च्या अखेरीस फ्रान्समधील सर्वांत जहाल लोकप्रतिनिधी म्हणून गाजत होती, राजावर सर्वांत कडक टीका तीच करीत होती आणि युरोपातील राजांविरुद्ध युद्ध पुकारण्याचा आग्रहही मुख्यतः तिचाच होता. पुढील दीड वर्षात त्यांची मूळ मते फारशी बदलली नाहीत. बदलली ती भोवतालची परिस्थिती, आणि ती बदलण्यात त्यांनीच ओढवून घेतलेल्या युद्धाचा वाटा सर्वांत मोठा होता. जहालांना नेमस्त करून सोडणारी ही घडामोड कशी झाली, आणि नेमस्त ठरल्यावर त्यांना टिकून राहणे का जमले नाही, हे समजून घेतल्याशिवाय पहिल्या फ्रेंच प्रजासत्ताकाची पहिली वर्षे उलगडत नाहीत.

गट कसा जमला

क्रांतीनंतर १७९० मध्ये फ्रान्सची जुनी प्रांतरचना मोडून देशाचे ८३ विभाग करण्यात आले. या विभागांना ‘देपार्तमाँ’ म्हणत आणि त्यांची नावे नद्या-डोंगरांवरून ठेवलेली होती. नैर्ऋत्येकडील जिरोंद हा त्यांपैकीच एक विभाग होता. बोर्दो हे त्याचे मुख्य शहर, आणि मद्याचा व कॅरिबियन वसाहतींतील साखर-कॉफीचा व्यापार हा त्या शहराच्या श्रीमंतीचा पाया होता. १ ऑक्टोबर १७९१ रोजी नव्या संविधानानुसार विधानसभा भरली, तेव्हा तिच्या ७४५ सदस्यांत जिरोंदहून आलेल्या काही तरुण वकिलांनी पहिल्या काही आठवड्यांतच आपल्या वक्तृत्वाची छाप पाडली. पिएर व्हेर्न्यो, एली गादे आणि आर्मां जाँसोने ही त्यांतील ठळक नावे होत. व्हेर्न्यो हा तर क्रांतिकाळातील सर्वश्रेष्ठ वक्त्यांपैकी एक गणला जातो, मात्र तो स्वभावाने आळशी होता आणि गटाचे दैनंदिन राजकारण हाकण्यात त्याला रस नव्हता.

ते राजकारण हाकणारा माणूस बोर्दोचा नव्हताच. झाक-पिएर ब्रिसो हा शार्त्र गावातील एका खानावळवाल्याचा मुलगा होता. क्रांतीपूर्वी लेखणीवर पोट भरताना त्याने बॅस्तिलच्या तुरुंगाची हवा खाल्ली होती, १७८८ मध्ये अमेरिकेचा प्रवास केला होता, आणि त्याच वर्षी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध काम करणारी ‘कृष्णवर्णीयांच्या मित्रांची संस्था’ पॅरिसमध्ये स्थापन करण्यात पुढाकार घेतला होता. १७८९ पासून तो ‘ल पात्रियोत फ्रांसे’ हे वृत्तपत्र चालवीत होता. त्याच्याभोवती जे लोक जमले त्यांत गणितज्ञ व तत्त्वचिंतक काँदोर्से, पॅरिसचा महापौर पेतियों, जिनिव्हाहून आलेला बँकर क्लाव्हिएर, आणि कारखान्यांचा सरकारी निरीक्षक म्हणून आयुष्य घालवलेला झाँ-मारी रोलाँ यांचा समावेश होता. रोलाँच्या पत्नीचे, मादाम रोलाँचे, घर हे या मंडळींच्या भेटीगाठींचे ठिकाण बनले. एका कोरीवकाम करणाऱ्या कारागिराची ही मुलगी लहानपणापासून प्लूटार्कच्या चरित्रांवर आणि रूसोच्या ग्रंथांवर वाढलेली होती, आणि पतीची अनेक सरकारी पत्रे तिच्याच लेखणीतून उतरत असत.

या सर्वांना एक पक्ष म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. त्यांचा जाहीरनामा नव्हता, सदस्ययादी नव्हती, मतदानाच्या वेळी पाळावयाची शिस्त नव्हती; उलट अशी शिस्त म्हणजे कारस्थान, आणि स्वतंत्र बुद्धीच्या लोकप्रतिनिधीला ते शोभत नाही, अशी त्या काळची समजूत होती. समकालीन लोक त्यांना ब्रिसोचे लोक, रोलाँचे लोक किंवा गटातील आणखी एक पुढारी ब्यूझो याचे लोक अशा नावांनी ओळखत, आणि ही नावे बहुधा शत्रूंनी दिलेली असत. जिरोंदिस्त हे नाव सर्वमान्य झाले ते एकोणिसाव्या शतकात. कवी आणि राजकारणी लामार्तीन याने १८४७ मध्ये त्यांचा अनेक खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्या लोकप्रिय ग्रंथाने हे नाव कायमचे रूढ केले. विसाव्या शतकात सिडनहॅम या इंग्रज इतिहासकाराने १९६१ मध्ये असे दाखवून दिले की एकसंध जिरोंदिस्त पक्ष ही बव्हंशी त्यांच्या विरोधकांनी आरोपपत्रासाठी रचलेली कल्पना आहे. त्यानंतरच्या संशोधकांनी मतदानाच्या नोंदी तपासून गट होता खरा, पण सैल होता, असा निष्कर्ष काढला. त्यामुळे गटाची संख्या कोणी साठच्या आसपास धरतो, तर कोणी पावणेदोनशेपर्यंत नेतो.

युद्धाचा आग्रह

१७९१ च्या संविधानाने राजेशाही कायम ठेवून तिला मर्यादा घातल्या होत्या. मात्र जून १७९१ मध्ये सोळावा लुई कुटुंबासह सरहद्दीकडे पळून जाताना व्हारेन येथे पकडला गेला होता आणि त्याच्यावरचा विश्वास उडाला होता. देशाबाहेर, विशेषतः ऱ्हाइनकाठच्या कोब्लेंझ परिसरात, पळून गेलेले सरदार सैन्य जमवीत होते. ऑगस्ट १७९१ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट आणि प्रशियाचा राजा यांनी पिल्निट्झ येथून लुईच्या बाजूने जाहीर निवेदनही काढले होते. या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर १७९१ पासून ब्रिसोने युद्धाची मागणी लावून धरली.

त्यामागचा हिशेब परराष्ट्र धोरणापेक्षा अंतर्गत राजकारणाचा अधिक होता. युद्ध सुरू झाले की राजाला उघडपणे एक बाजू घ्यावी लागेल. तो क्रांतीच्या बाजूने उभा राहिला तर उत्तम, आणि न राहिला तर त्याचा द्रोह सर्वांना दिसेल, अशी ही कल्पना होती, आणि मोठे द्रोह उघडकीस येणे देशाच्या हिताचेच आहे, असे ब्रिसो बोलूनही दाखवीत असे. याशिवाय शेजारच्या देशांतील जनता फ्रेंच सैन्याचे मुक्तिदाता म्हणून स्वागत करील, आणि युद्धामुळे ‘असिन्या’ या क्रांतीच्या कागदी चलनाची पत सावरेल, अशाही आशा होत्या. दरबाराला युद्ध हवे होते ते नेमक्या उलट कारणाने: फ्रान्सचा पराभव झाला तर राजसत्ता परत मिळेल, असा राजा-राणीचा अंदाज होता. दोन विरुद्ध हेतू अशा रीतीने एकाच मागणीपाशी येऊन मिळाले.

या आग्रहाला मोठा विरोध केला तो मॅक्सिमिलियाँ रोबेस्पिएरने. आधीच्या संविधान सभेच्या सदस्यांनी पुढील विधानसभेची निवडणूक लढवू नये, असा ठराव त्याच्याच सूचनेवरून झाला असल्यामुळे तो विधानसभेत नव्हता. त्याचे व्यासपीठ होते ते जॅकोबिन क्लब. एका जुन्या मठात भरणारी ही राजकीय चर्चामंडळी होती, तिच्या शाखा देशभर पसरलेल्या होत्या, आणि त्या काळी ब्रिसो व रोबेस्पिएर दोघेही तिचे सदस्य होते. डिसेंबर १७९१ आणि जानेवारी १७९२ मधील भाषणांत रोबेस्पिएरने बजावले की शस्त्रे घेऊन येणारे धर्मप्रचारक कोणालाच आवडत नाहीत, खरा शत्रू घरात आहे, आणि युद्धाचा शेवट एखाद्या विजयी सेनापतीच्या हुकूमशाहीत होऊ शकतो. त्याचे भाकीत पुढे खरे ठरले, पण त्या हिवाळ्यात त्याला श्रोते थोडे मिळाले. मार्च १७९२ मध्ये राजाने ब्रिसोच्या मित्रांना मंत्रिमंडळात घेतले. रोलाँ गृहमंत्री, क्लाव्हिएर अर्थमंत्री आणि द्युमूरिए परराष्ट्रमंत्री झाला. २० एप्रिल रोजी विधानसभेने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा विरोधात जेमतेम सात मते पडली. ब्रिसो आणि रोबेस्पिएर यांच्यातील वैयक्तिक कटुतेची सुरुवात याच वादात झाली, आणि पुढील संघर्षाचे बीजही त्यातच पडले.

१० ऑगस्टची दुविधा

युद्धाची सुरुवात पराभवांनी झाली. निष्ठेची शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंना हद्दपार करणे आणि पॅरिसजवळ विभागांतून आलेल्या २०,००० स्वयंसेवकांची छावणी उभारणे, असे दोन ठराव विधानसभेने केले. राजाने ते नकाराधिकार वापरून अडवले. तेव्हा रोलाँने राजाला एक खरमरीत पत्र पाठवले. ते मादाम रोलाँने लिहिलेले होते, आणि त्याचा परिणाम म्हणून १३ जून रोजी रोलाँ, क्लाव्हिएर आणि युद्धमंत्री सेर्व्हाँ यांना मंत्रिपदावरून दूर करण्यात आले. ३ जुलै रोजी व्हेर्न्योने सभागृहात राजाच्या द्रोहाचा पाढा वाचणारे प्रख्यात भाषण केले, आणि आता हा गट राजेशाहीवर शेवटचा घाव घालणार, असे सर्वांना वाटू लागले.

प्रत्यक्षात त्याच महिन्यात व्हेर्न्यो, गादे आणि जाँसोने यांनी एका चित्रकाराच्या मध्यस्थीने राजाकडे गुप्तपणे पत्र पाठवून तडजोडीचा मार्ग सुचवला. आपल्या मित्रांना पुन्हा मंत्रिपदे मिळाली तर सिंहासन वाचवता येईल, असा त्याचा आशय होता. यामागे निव्वळ सत्तालोभ पाहणे अन्यायाचे होईल. पॅरिसच्या वस्त्यांतील कारागीर, छोटे दुकानदार आणि मजूर आता सशस्त्र होऊन राजकारणात उतरले होते. उच्चवर्गीयांची गुडघ्यापर्यंतची तुमान न घालता लांब विजार घालणाऱ्या या लोकांना ‘साँ-क्यूलोत’ म्हणत. त्यांच्या उठावातून राजेशाही गेली तर सत्ता सभागृहाच्या हाती न राहता रस्त्याच्या हाती जाईल, ही भीती खोटी नव्हती. पण ज्यांनी वर्षभर राजाविरुद्ध लोकांना चेतवले त्यांनीच ऐन वेळी हात आखडता घेतल्यामुळे, १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या वस्त्यांनी आणि मार्सेय, ब्रेस्त आदी ठिकाणांहून आलेल्या स्वयंसेवकांनी तुइलरी राजवाड्यावर हल्ला करून राजेशाही उलथली, तेव्हा त्या विजयात जिरोंदिस्तांचा वाटा राहिला नाही. विजयाची फळे मात्र त्यांना मिळाली. रोलाँ पुन्हा गृहमंत्री झाला. ज्या उठावामुळे आपल्याला सत्ता मिळाली तो उठाव करणाऱ्यांविषयी मनात संशय बाळगूनच त्यांनी प्रजासत्ताकाचा कारभार सुरू केला.

हा संशय तीन आठवड्यांत भयात बदलला. प्रशियाचे सैन्य व्हेर्दँच्या किल्ल्यापर्यंत आल्याची बातमी पसरली आणि २ सप्टेंबरपासून काही दिवस पॅरिसच्या तुरुंगांत शिरून जमावांनी हजाराहून अधिक कैद्यांची कत्तल केली. याच दिवसांत उठावातून जन्मलेल्या पॅरिसच्या नगरसभेत, म्हणजे कम्यूनमध्ये, रोबेस्पिएरने ब्रिसोवर देशद्रोहाचा आरोप केला आणि ब्रिसोच्या घराची झडती घेण्यात आली. त्या वातावरणात अटक म्हणजे मृत्यूच होता. आपल्याला या कत्तलीत संपवण्याचा बेत होता, ही जिरोंदिस्तांची खात्री त्यानंतर कधीच ढळली नाही.

पॅरिस विरुद्ध विभाग

नवे संविधान करण्यासाठी निवडलेले ७४९ सदस्यांचे सभागृह ‘कन्व्हेन्शन’ या नावाने ओळखले जाते. त्याने २१ सप्टेंबर १७९२ रोजी राजेशाही रद्द केली. पॅरिसने रोबेस्पिएर, दाँतों, मारात असे जहाल प्रतिनिधी निवडून दिले होते. महापौर असलेल्या पेतियोंलाही पॅरिसमधून निवडून येता आले नाही, त्याला आणि ब्रिसोला पॅरिसबाहेरच्या विभागाने पाठवले. जहाल सभासद उंच बाकांवर बसत म्हणून त्यांना ‘पर्वत’ म्हणू लागले. खालच्या बाकांवर बसणाऱ्या, कोणत्याही गटात न मोडणाऱ्या बहुसंख्य सभासदांना ‘मैदान’ असे नाव पडले. नेमस्त प्रजासत्ताकवाद्यांची खरी संख्या या मैदानात होती, आणि ज्या बाजूला मैदान झुकेल त्या बाजूचा ठराव संमत होई, हे गणित दोन्ही गटांना ठाऊक होते.

या दोन गटांच्या सामाजिक मुळांत म्हणावा तसा फरक नव्हता. दोन्हीकडे वकील, पत्रकार आणि मध्यमवर्गीय सुशिक्षितच होते. खासगी मालमत्तेचा हक्क दोघांनाही मान्य होता, आणि राजेशाही दोघांनाही नको होती. मतभेद होता तो क्रांतीचा गाडा आता कोणाच्या बळावर चालवायचा, याविषयी. जिरोंदिस्तांचे म्हणणे असे की सार्वभौमत्व संपूर्ण राष्ट्राचे आहे, एका शहराचे नाही. ८३ विभागांपैकी एक म्हणून पॅरिसला जेवढा मान मिळायला हवा तेवढाच मिळावा, आणि सभागृहाच्या रक्षणासाठी विभागांतून सैनिक मागवावेत. पर्वत गटाचे म्हणणे असे की युद्ध आणि बंडाळी चालू असताना पॅरिसच्या लोकांचा पाठिंबा हेच क्रांतीचे कवच आहे. विभागांचा पुरस्कार करणाऱ्यांना देशाचे तुकडे करू पाहणारे ‘संघराज्यवादी’ ठरवून पर्वत गटाने त्यांना बदनाम केले, आणि अखंड, अविभाज्य प्रजासत्ताक ही या गटाची घोषणा बनली.

जिरोंदिस्तांनी या वादात डावपेचांच्या मोठ्या चुका केल्या. पर्वत गटातील सर्वांत तडजोडप्रिय पुढारी दाँतों याने समेटाचा प्रयत्न केला असता त्यांनी त्याच्या मंत्रिपदाच्या काळातील हिशेबांची चौकशी मागून त्याला दुखावले. २९ ऑक्टोबर १७९२ रोजी कादंबरीकार लुव्हे याने रोबेस्पिएरवर हुकूमशाहीच्या आकांक्षेचा आरोप केला, पण सबळ पुरावा दिला नाही. आठवडाभराने रोबेस्पिएरने शांतपणे उत्तर देऊन सभागृह जिंकले. दरम्यान ब्रिसोला जॅकोबिन क्लबमधून काढून टाकण्यात आले आणि देशभरातील शाखांचे जाळे हळूहळू प्रतिपक्षाच्या हाती गेले. सभागृहाबाहेर आपले म्हणणे पोचवण्याचे सर्वांत प्रभावी साधन जिरोंदिस्तांनी असे गमावले.

राजावरील खटल्यात गटाची फाटाफूट चव्हाट्यावर आली. लुई दोषी आहे, याविषयी एकाही सदस्याने विरोधी मत दिले नाही. प्रश्न होता शिक्षेचा. अंतिम निर्णय जनमताने व्हावा, अशी सूचना जिरोंदिस्तांतील अनेकांनी मांडली. तत्त्व म्हणून ती लोकशाहीला धरून होती, पण देश पेटलेला असताना हजारो ठिकाणी सभा भरवून राजाच्या जिवाचा निर्णय करणे म्हणजे यादवीला आमंत्रण, हा प्रतिवाद मैदानाला अधिक पटला आणि सूचना फेटाळली गेली. मृत्युदंडावरील मतदानात व्हेर्न्योसकट कित्येक जिरोंदिस्तांनी मृत्यूच्या बाजूने मत दिले, तर काँदोर्सेने तत्त्वतः मृत्युदंडालाच विरोध असल्याने विरोधात दिले. अंतिम मोजणीत ३८७ विरुद्ध ३३४ अशी मते पडली आणि २१ जानेवारी १७९३ रोजी लुईचा शिरच्छेद झाला. राजाचा जीव वाचवता आला नाही, आणि तो वाचवू पाहणारे म्हणून ‘राजनिष्ठ’ हा शिक्का मात्र कपाळी बसला.

भाकरीचा भाव आणि संविधानाचा मसुदा

याच महिन्यांत महागाईने टोक गाठले होते. असिन्याची किंमत घसरत होती, शेतकरी कागदी पैशांत धान्य विकायला नाखूश होते, आणि फेब्रुवारी १७९३ मध्ये पॅरिसच्या स्त्रियांनी व पुरुषांनी साखर, साबण यांची दुकाने फोडून स्वतः ठरवलेल्या भावाने माल वाटला. जिरोंदिस्त खुल्या व्यापाराचे कट्टर समर्थक होते. भाव बांधून दिले की माल बाजारातून नाहीसा होतो, असे ते म्हणत, आणि डिसेंबर १७९२ मध्ये धान्यव्यापारावरील निर्बंध उठवण्यात त्यांचा पुढाकार होता. पर्वत गटालाही भावनियंत्रण मनापासून पटलेले नव्हते, परंतु पॅरिसच्या पाठिंब्याची किंमत म्हणून त्याने ते स्वीकारले आणि ४ मे १७९३ रोजी धान्याची कमाल किंमत ठरवणारा कायदा झाला. अर्थशास्त्रीय तर्कात जिरोंदिस्तांचे म्हणणे कदाचित बरोबर असेल. पण उपाशी माणसासमोर त्यांच्यापाशी तर्काखेरीज दुसरे काही नव्हते, आणि श्रीमंतांचे कैवारी ही त्यांची प्रतिमा त्यातून पक्की झाली.

या प्रतिमेवर विसंबून त्यांचे मूल्यमापन केले, तर त्यांची दुसरी बाजू नजरेआड होते. मुक्त कृष्णवर्णीयांना आणि मिश्रवंशीयांना गोऱ्यांच्या बरोबरीचे राजकीय हक्क देणारा ४ एप्रिल १७९२ चा कायदा प्रामुख्याने ब्रिसोच्या गटाच्या प्रयत्नांतून झाला. ज्या बोर्दोच्या नावाने हा गट ओळखला जातो त्या शहराचा व्यापार गुलामांच्या श्रमावर उभा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कायद्याचे महत्त्व अधिक जाणवते. अर्थात गुलामगिरीच्या संपूर्ण उच्चाटनापर्यंत हे लोक गेले नाहीत; तो ठराव फेब्रुवारी १७९४ मध्ये, त्यांच्या पश्चात झाला. काँदोर्सेने १७९० मध्येच स्त्रियांना नागरिकत्वाचे पूर्ण हक्क असावेत, असा निबंध लिहिला होता. फेब्रुवारी १७९३ मध्ये त्याने मांडलेल्या संविधानाच्या मसुद्यात सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, मंत्र्यांची थेट जनतेकडून निवड आणि संमत कायद्यांवर जनमत मागण्याचा नागरिकांचा हक्क अशा तरतुदी होत्या. हा मसुदा त्या काळच्या मानाने कमालीचा लोकशाहीवादी होता, पण गटबाजीत तो चर्चेतच अडकला.

पतन

१७९३ च्या वसंतात युद्ध सर्व बाजूंनी पेटले. फेब्रुवारीत इंग्लंड व हॉलंड आणि मार्चमध्ये स्पेन शत्रुपक्षात आले. ३,००,००० सैनिकांच्या भरतीविरुद्ध पश्चिमेकडील व्हाँदे भागातील शेतकऱ्यांनी बंड केले. १८ मार्च रोजी नेरविंडेन येथे द्युमूरिएचा पराभव झाला, आणि एप्रिलच्या आरंभी हा सेनापती शत्रूला जाऊन मिळाला. तो जिरोंदिस्तांच्या मंत्रिमंडळातील माणूस होता. ज्या युद्धाने राजाचा द्रोह उघड होईल असे ब्रिसो म्हणत असे, त्याच युद्धाने आता त्याच्या मित्राचा द्रोह उघड केला. संकटाला तोंड देण्यासाठी क्रांतिकारी न्यायाधिकरण आणि सार्वजनिक सुरक्षा समिती स्थापन झाली. युद्ध जिंकायचे तर केंद्रीय सत्ता एकवटावी लागते. युद्ध मागणाऱ्या गटाला मात्र अशी सत्ता नको होती, आणि म्हणून ती आयतीच दुसऱ्यांच्या हाती गेली.

१ एप्रिल रोजी आरोप-प्रत्यारोपांच्या गदारोळात कन्व्हेन्शनने लोकप्रतिनिधींचे अटकेपासूनचे संरक्षण काढून घेतले. या तरतुदीचा पहिला मोठा वापर केला तो जिरोंदिस्तांनीच. पर्वत गटाचे ऐंशीच्या आसपास सदस्य सैन्यभरतीसाठी विभागांत गेलेले असताना, १३ एप्रिल रोजी त्यांनी ‘जनतेचा मित्र’ हे पत्र चालवणाऱ्या मारातवर खटला भरण्याचा ठराव २२६ विरुद्ध ९३ मतांनी संमत करून घेतला. २४ एप्रिल रोजी न्यायाधिकरणाने मारातला निर्दोष सोडले आणि जमावाने त्याला खांद्यावर घेऊन सभागृहात आणले. खटला फसला, पायंडा तेवढा राहिला. मे महिन्यात पॅरिसमधील कटांची चौकशी करण्यासाठी बारा जणांचे मंडळ नेमण्यात आले. त्याने लोकप्रिय पत्रकार एबेर याला अटक केली. सुटकेची मागणी घेऊन आलेल्या शिष्टमंडळाला सभागृहाचा तेव्हाचा अध्यक्ष इस्नार याने धमकावले की लोकप्रतिनिधींना इजा झाली तर पॅरिस येथे होते काय, हे सेन नदीच्या काठी शोधावे लागेल. राजधानीत बसून, राजधानीत एक पलटणही हाताशी नसताना, केलेले हे वक्तव्य अनर्थकारक ठरले.

३१ मे रोजी झालेला पहिला उठाव अर्धवट राहिला. २ जून रोजी नॅशनल गार्डचा नवा सेनापती आंरियो याने तोफा आणि हजारो सशस्त्र माणसांनिशी, तुइलरी राजवाड्यात भरलेल्या कन्व्हेन्शनला वेढा घातला. सदस्य रांगेने बाहेर पडून निघून जाऊ लागले तेव्हा त्याने गोलंदाजांना तोफांपाशी उभे राहण्याची आज्ञा दिली. सदस्य परत फिरले आणि त्यांनी २९ सहकाऱ्यांना व दोन मंत्र्यांना नजरकैदेत ठेवण्याचा ठराव केला. निवडून आलेल्या सभागृहाने बंदुकांच्या धाकाने आपलेच सदस्य हवाली केले, आणि मैदानातील बहुसंख्यांनी ते निमूटपणे पाहिले.

अटकेतून निसटलेल्या ब्यूझो, बार्बारू, पेतियों आदींनी नॉर्मंडीतील काँ शहरी प्रतिकाराची तयारी केली. ल्यों, मार्सेय, बोर्दो यांनीही पॅरिसविरुद्ध निषेध नोंदवला. निम्म्याहून अधिक विभाग नाराज होते, पण नाराजी आणि बंदूक उचलण्याची तयारी यांत मोठे अंतर होते. नॉर्मंडीहून निघालेली छोटी फौज जुलैमध्ये पासी-स्युर-यूर येथे पहिल्याच चकमकीत पांगली. १३ जुलै रोजी काँहून आलेल्या शार्लोत कोर्दे या तरुणीने मारातचा खून केला, आणि जिरोंदिस्तांविषयी उरलीसुरली सहानुभूतीही नाहीशी झाली. ऑगस्टच्या अखेरीस तुलों बंदर इंग्रजांच्या हवाली झाले, तेव्हा विभागांचा स्वाभिमान आणि देशद्रोह यांतील फरक सांगूनही कोणाला पटेना.

२४ ऑक्टोबरला ब्रिसो, व्हेर्न्यो, जाँसोने यांच्यासह २१ जणांवर खटला सुरू झाला. आरोपींची भाषणे लांबू लागताच, तीन दिवसांनंतर पंचांनी मत बनले असे म्हटले तर खटला आटोपता येईल, असा कायदा घाईने करण्यात आला. ३० ऑक्टोबरला सर्वांना मृत्युदंड झाला. त्यांपैकी व्हालाझे याने न्यायालयातच स्वतःला भोसकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रेतावरही गिलोटिन चालवण्यात आले. ८ नोव्हेंबर रोजी मादाम रोलाँचा वध झाला. ती बातमी ऐकून लपून बसलेल्या रोलाँने आत्महत्या केली. काँदोर्से मार्च १७९४ मध्ये पकडला गेला आणि कोठडीत मरण पावला. तत्पूर्वी लपून राहण्याच्या काळात त्याने मानवी प्रगतीवरचा आपला सर्वांत आशावादी ग्रंथ लिहून ठेवला होता. जून १७९४ मध्ये पेतियों आणि ब्यूझो यांची प्रेते सेंत-एमिलियोंजवळच्या शेतात सापडली.

वारसा आणि मूल्यमापन

जुलै १७९४ मध्ये रोबेस्पिएरही गेला. जून १७९३ च्या घटनेचा निषेध केल्यामुळे तुरुंगात पडलेले ७० हून अधिक सदस्य त्या डिसेंबरमध्ये सभागृहात परतले. त्यांच्यावर खटला भरू नये म्हणून १७९३ मध्ये रोबेस्पिएरच आडवा आला होता, हे विसरता येत नाही. पुढील मार्चमध्ये लुव्हे, इस्नार, लाँझ्विने हेही परतले, आणि १७९५ चे संविधान रचणाऱ्या समितीत लुव्हे व लाँझ्विने यांना स्थान मिळाले. त्या संविधानाने पाचशे सदस्यांचे एक आणि अडीचशे सदस्यांचे दुसरे अशी दोन सभागृहे आणि पाच संचालकांचे कार्यकारी मंडळ निर्माण केले. सत्ता एका हाती किंवा एका सभागृहात एकवटू नये, हा धडा त्यात होता; पण काँदोर्सेच्या मसुद्यातील सार्वत्रिक मताधिकार मात्र वगळला गेला. नेमस्त प्रजासत्ताक शेवटी अवतरले ते गरिबांना मताधिकारातून दूर ठेवून, आणि १७९९ मध्ये नेपोलियन या विजयी सेनापतीने ते संपवले.

एकोणिसाव्या शतकातील उदारमतवाद्यांनी जिरोंदिस्तांना हुतात्मे मानले आणि बोर्दोत त्यांच्या स्मरणार्थ भव्य स्तंभ उभारला. विसाव्या शतकातील समाजवादी इतिहासकारांनी त्यांना धनिक व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी ठरवले. फ्रान्समध्ये आजही विकेंद्रीकरणाचा पुरस्कर्ता जिरोंदिस्त आणि केंद्रीकरणाचा पुरस्कर्ता जॅकोबिन म्हटला जातो. या विभागणीत तथ्याचा अंश असला तरी तिच्यामुळे त्यांच्या अपयशाचे खरे कारण झाकले जाते. पॅरिसच्या जमावाविषयी त्यांनी दिलेले इशारे बरोबर होते, लोकप्रतिनिधींच्या सभागृहावर तोफा रोखणे चूक होते, आणि त्यांच्यावरील खटला न्यायाचे विडंबन होते. परंतु परिणामांची पर्वा न करता देशाला युद्धात लोटणे, त्या युद्धासाठी लागणारे संघटन व लोकांचे पोट या दोन्हींकडे पाठ फिरवणे, आणि विरोधकाला अडकवण्यासाठी लोकप्रतिनिधीच्या संरक्षणाची भिंत पाडणे, या तीन गोष्टी त्यांनी स्वतःच्या हाताने केल्या होत्या. कायद्याचे राज्य मागणाऱ्याने कायद्याचा आडोसा सर्वप्रथम आपल्या शत्रूसाठी राखावा लागतो. जिरोंदिस्तांनी तो एप्रिल १७९३ मध्ये मारातला नाकारला आणि जूनमध्ये तो त्यांनाही मिळाला नाही.